दुभाजकापलीकडची देवी

आग्रा रोडचं चौपदरीकरण पूर्ण होण्याआधी जुना रस्ता एकदा बघून घ्यावा म्हणून रविवारी नाशिकहून चांदवडची एसटी पकडली. ओझरला विमान कारखान्याचं कुंपण, पिंपळगावात टोमॅटोच्या क्रेटांनी अडलेला रस्ता, मग चांदवड. तिथल्या जुन्या रंगमहालातली भिंतीवरची चित्रं सकाळच्या उजेडात चांगली दिसतात. स्टँडसमोरची मिसळ बरी, चहा फार गोड.

पुढे काळीपिवळीने राहूड घाटाच्या तोंडाशी उतरलो. घाट उतरण्याआधी ट्रकवाले इथल्या देवीच्या लहानशा देवळात नारळ फोडतात. देवळालगत शेवंताबाई आणि नामदेवराव या नवरा-बायकोचं नारळाचं दुकान. नवा दुभाजक आला आणि मालेगावकडे जाणारे ट्रक एका अंगाला राहिले, देवी आणि दुकान दुसऱ्या. विक्री थांबली. शेवटी शेवंताबाईंनी ट्रकांच्या बाजूला टेबल मांडलं. पैसे त्या घेतात, नारळ पलीकडे नामदेवराव फोडतात, ड्रायव्हर इथूनच हात जोडतो. प्रसादाची खोबऱ्याची वाटी परतीच्या वाटेवर न्यायची.

अजून कुणी न्यायला आलं नव्हतं, आणि प्रसाद न नेणारा ड्रायव्हर पुन्हा नारळ घेईल याची नामदेवरावांना खात्री नव्हती. या आठवड्यात कुणी आलं नाही तर टेबल उचलायचं आणि दोघांनी पिंपळगावला मजुरीला जायचं, असं ठरलं होतं.

मीही नारळ घेतला.

"गाडी कुठली, भाऊ?"

"एसटीने आलोय, मावशी."

"मग डायवरच्या नावानं फोडायला लावते. तुमचा जीव त्याच्याच हाती हाय!" आणि पलीकडे हाक, "अवो, एसटीवाल्याचा फोडा!"

परतीच्या बससाठी दुभाजकातल्या पुढच्या फटीतून रस्ता ओलांडून नामदेवरावांकडे गेलो. टोपलीत वाट्या वाळत पडल्या होत्या. "लय शानी समजती सोताला," ते बायकोकडे बघत म्हणाले. "खोबऱ्यासाठी ट्रक कोन थांबवतं?"

तेवढ्यात इंदूरकडून आलेला एक ट्रक कडेला लागला.

"चाचा, हमारा परसादी?"

नामदेवरावांनी टोपली चाळली. कुठली वाटी कुणाची, त्यांना कुठे माहीत? सगळ्यांत मोठी उचलून दिली. ट्रक गेल्यावर दुभाजकाशी जाऊन ओरडले, "आला गं! न्यायला आला!"

"मंग? येनारच व्हता. हितले नारळ संपत आलेत, पोतं घेऊन या!"

पोतं खांद्यावर टाकायच्या आधी त्यांनी माझी बस हात करून थांबवली आणि "तुमच्या नारळाचा परसाद," म्हणत माझ्या नारळाची वाटी मोडून अर्धी ड्रायव्हरच्या हातात दिली, अर्धी माझ्या.

"मी कधी फोडला?" ड्रायव्हरने विचारलं. मी गुपचूप चढून मागची सीट धरली.

रंगमहालाचे फोटो काळपट आले. उरलेली अर्धी वाटी आमच्या आमटीत गेली. घरात विचारणा झाली, "नारळ कुठला?" म्हटलं, "एसटीचा."