शांतीलालशेठना हवा होता मऊ शब्द

“बाई, शब्द जरा मऊ नाही का करता येणार?” शांतीलालशेठनी पुन्हा विचारलं.

“शेठ, साबण तुमचा आहे, तो हवा तेवढा मऊ करा,” मी म्हटलं. “हा शब्द माझा नाही.”

धुळ्याला त्यांच्या साबणाच्या कारखान्यात, पुढच्या ऑफिसात आम्ही बसलो होतो. टेबलावर एक गुलाबी हँडबिल होतं, पोर्तुगीजमध्ये छापलेलं. धुळ्यात पोर्तुगीज हँडबिल कुठून आलं, ते सांगायला हवं. गोवा मुक्त होऊन दोन-तीन वर्षं झाली होती आणि खानदेशातला माल तिकडे जाऊ लागला होता. शेठच्या मडगावच्या एजंटनं साबणासाठी इनाम योजना काढली. तिथली शिकलेली गिऱ्हाइकं पोर्तुगीज वाचतात म्हणून त्यानं हँडबिलही त्याच भाषेत छापलं. शेठनी ट्रंककॉलवर हो म्हणून टाकलं होतं, तपशील विचारलाच नव्हता. मग कोणीतरी तक्रार केली आणि धुळ्याच्या सरकारी कचेरीनं हँडबिलाचं इंग्रजी ट्रान्सलेशन मागितलं.

आता खानदेशात पोर्तुगीज कोणाला येणार? मी मडगावची, पोर्तुगीज शाळेत शिकलेली, लग्न होऊन जळगावला आलेली. शाळेत इंग्रजी शिकवायचे आणि ट्रान्सलेशनचं काम मिळालं तर करायचे. खरं सांगायचं तर ते क्वचितच मिळायचं. त्यामुळे एसटीनं एरंडोल, पारोळा करत मी मोठ्या हौसेनं धुळ्याला आले होते.

सगळं अडलं होतं ‘सोर्तेयु’ या शब्दापाशी. बक्षिसांच्या योजनांना पोर्तुगीजमध्ये वेगवेगळे शब्द आहेत. मालाबरोबर प्रत्येकाला काहीतरी मिळत असेल तर ‘ब्रिंद’. अक्कल लढवून जिंकायचं असेल तर ‘कोंकुर्सु’. आणि चिठ्ठ्या टाकून ज्याचं नाव निघेल त्यालाच बक्षीस, असं असेल तर ‘सोर्तेयु’. हँडबिलात लिहिलं होतं, साबणाची रॅपर्स पाठवा, आम्ही चिठ्ठ्या टाकू, ज्याचं नशीब उघडेल त्याला शिलाई मशीन. इंग्रजीत हे ‘प्राइझ ड्रॉ’ आणि मराठीत सोडत. परवानगीशिवाय सोडत काढली तर कायद्याची कटकट होऊ शकते.

“‘गिफ्ट’ लिहा ना,” शेठ म्हणाले. “गिफ्ट म्हटलं की कोणाला राग येत नाही.”

“गिफ्ट सगळ्यांना मिळते. तुमचं मशीन एकालाच मिळणार आहे.”

सर्टिफाइड ट्रान्सलेशनच्या खाली ट्रान्सलेटर सही करतो. मूळ कागदात जे आहे तेच लिहिलं, पदरचं काही घातलं नाही, काही गाळलं नाही, असा त्या सहीचा अर्थ. ती सही एकदा खोटी ठरली की पुढे आम्हाला विचारतो कोण?

मला वाटलं, शेठ कचेरीला घाबरलेत. तसं नव्हतं.

“दंड झाला तर भरेन,” ते म्हणाले. “पण हा कागद अक्कांना वाचून दाखवावा लागेल.”

अक्का म्हणजे त्यांची आई. कारखान्यातून सरकारकडे जाणारा प्रत्येक कागद आधी त्यांना वाचून दाखवायचा, ही त्या घरची पद्धत होती. त्यामागे कारण होतं. शेठच्या वडिलांनी दोंडाईच्याचं दुकान कापसाच्या सट्ट्यात घालवलं होतं. भाव चढेल की पडेल यावर पैसे लावायचे, तो सट्टा. त्यानंतर अक्कांनी मुलाला जैन महाराजांसमोर नियम घ्यायला लावला, की जुगाराच्या जवळपास जाणारं काहीही करायचं नाही. शेठनी तो आयुष्यभर पाळला होता. आणि आता त्यांच्याच साबणावर नशिबाची चिठ्ठी निघणार होती.

पन्नाशी उलटलेला, चार माणसांत वजन असलेला हा गृहस्थ आईच्या एका नजरेला घाबरून मऊ शब्द शोधत होता. मला त्यांच्याबद्दल माया वाटली. शब्द मात्र मी बदलणार नव्हते.

“चला,” मी म्हटलं, “अक्कांना मीच वाचून दाखवते.”

कारखान्यामागेच घर होतं. अक्का ओसरीवर लाल मिरच्यांचे देठ मोडत बसल्या होत्या. घरात मारवाडी बोलत, पण बाहेरचं कोणी समोर असलं की त्यांची खानदेशीच चाले. “त्या कागदमा काय शे, बाई? बठ्ठं सांग,” त्या म्हणाल्या.

मी सगळं सांगितलं.

“मशीन एकलेच?”

“हो, एकालाच.”

“नि बाकीना लोकेसले?”

“काही नाही.”

शेठ मिरच्यांकडे बघत उभे होते. अक्कांनी देठ मोडणं थांबवलं. “शांती, नियम ध्यानमा शे ना?”

“शे.”

“मंग? देनं शे तर बठ्ठासले दे. नही तर कोनलेच नको.”

“मशीन तर घेऊन झालंय, अक्का.”

“कारखानामा बाया शेतस ना? त्यासले दे, बठ्ठ्या मिळीसन वापरतीन.” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “नि तू जे शे तेच लिख.”

मी ‘प्राइझ ड्रॉ’ लिहिलं आणि सही केली. शेठनी सोबत आपलं पत्र जोडलं, की सोडत रद्द, रॅपर्स पाठवणाऱ्या प्रत्येकाला स्टीलची वाटी. नवं पोर्तुगीज हँडबिल मी तिथेच बसून लिहून दिलं. त्यात निश्चिंतपणे ‘ब्रिंद’ घातलं.

कचेरीतल्या साहेबांनी सगळं वाचून प्रकरण मिटवलं. “यापुढे हँडबिल छापण्याआधी वाचत जा,” ते शेठना म्हणाले.

“साहेब, वाचता आलं असतं तर बाईंना जळगावहून कशाला आणलं असतं?” शेठ म्हणाले. त्यांच्या तोंडावर हसू परत आलेलं बघून मला बरं वाटलं.

काही आठवड्यांनी मडगावहून माझ्या आईचं पत्र आलं. लेकीच्या मुलखातला साबण म्हणून ती तोच वापरायची आणि मशीनच्या आशेनं रॅपर्स जपून ठेवून तिनं पाठवलीही होती. तिनं लिहिलं होतं, ‘मशीन गेले, वाटी आली. मध्ये कोणी शहाण्याने मोडता घातला म्हणे.’ मी उलट टपाली कळवलं, ‘तो शहाणा म्हणजे धुळ्याच्या अक्का. आणि वाटीचे हँडबिल तुझ्या मुलीने लिहिले आहे.’

आईचं उत्तर आलं, ‘भाषा चांगली आहे. वाटी लहान आहे.’

तेव्हापासून कोणी मऊ शब्द मागितला की मी सांगते, शब्द आहे तोच राहील, योजना बदलून आणा. आणि वाटी जरा मोठी ठेवा.