रेंज येईपर्यंत आपली गाडी

अम्मीने आजारपणात एकच अट घातली होती. औषध घेईन, केस गेले तर जाऊ देईन, पण दुसऱ्याच्या गाडीत बसणार नाही. अहेरीहून चंद्रपूरच्या दवाखान्यात तिला दर आठवड्याला सलाईनमधून औषध चढवायला न्यावं लागायचं. पहिल्याच फेरीत, भाड्याच्या जीपमधून परत येताना, तिला उलटी झाली. ड्रायव्हरने गाडी थांबवली, सीटवर गोणपाट अंथरलं आणि तिला पुन्हा बसायला सांगितलं.

घरी आल्यावर ती म्हणाली, "मले गोणपाटावर बसवलं त्यानं. आता मी नाई जात."

अम्मीचं 'नाही' म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. इकडे डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं की फेऱ्या चुकल्या तर पुढचं आपल्या हातात नाही. मी इथल्याच शाळेत शिकवते, अब्बांचं बाजारात सीट कव्हर शिवायचं दुकान आहे. दोघांनी मिळून गाडी घ्यायची ठरवलं.

गाडी मिळाली ती कोरपन्याकडच्या एका सिमेंट कारखान्यातल्या साहेबांची. त्यांची कुठेतरी लांब बदली झाली होती. अब्बांनी बॉनेट उघडलंच नाही. सरळ पुढच्या सीटवर अंगठा दाबून बघत बसले. "इंजिन कोणीबी पाहीन," म्हणाले. अख्ख्या तालुक्यातल्या काळ्या-पिवळ्या जीपांवर, ट्रॅक्टरांवर त्यांची शिलाई आहे, त्यामुळे सीटच्या बाबतीत त्यांचा तोरा मोठा. या सीटला बारीक बारीक भोकं होती आणि आत पंखा होता. बटण दाबलं की पाठीला गार हवा लागायची. अब्बांनी नाक मुरडलं, पण घरी येईपर्यंत ते बटण त्यांनी एकदाही बंद केलं नाही.

त्या पंख्याने अम्मीला तारलं. औषधाने तिची पाठ जळायची. उन्हाळ्यात कशालाही टेकली की तापल्या तव्याला टेकल्यासारखं कळवळायची. या सीटवर मात्र आलापल्ली यायच्या आत तिचा डोळा लागायचा. उलटी झाली तर सोबत डबा असायचा, पुसायला मी असायचे आणि कोणाला लाजायचं कारण नव्हतं. ती शेजारणींना सांगायची, "आमची गाडी हाये आता." तिच्या तोंडी 'आमची' हा शब्द ऐकला की मला बरं वाटायचं.

मग एके दिवशी सकाळी बाजार चौकातच पंखा थांबला. समोरच्या पडद्यावर अक्षरं आली की या सोयीची मुदत संपली आहे, चालू ठेवायची तर हा चौकोन मोबाईलने टिपा आणि पैसे भरा. साहेबांनी भरलेली वर्गणी संपली होती.

अब्बांना हे समजावणं म्हणजे दगडावर डोकं आपटणं.

"पंखा बिघडला का?"

"नाही. चांगला आहे."

"मंग फिरत काऊन नाई?"

"त्याचे पैसे भरायचे आहेत."

"गाडीचे तं देले ना आपण. पंखा गाडीतच हाये. का रातच्यानं काढून नेला कोणी?"

मी म्हटलं, ही वर्गणी आहे अब्बा. झालं. "वर्गणी मी दुर्गेची देतो, उरुसाची देतो. सीटची वर्गणी कोण्या पिराची हाये? मी एखाद्याले सीट शिवून देलं, अन् मंग रोज त्याच्या दारात जाऊन म्हटलं का डावीकडं टेकायचे वेगळे पैसे दे, तं लोक मले जोड्यानं मारतीन."

ते बडबडत असतानाच मी चौकोन टिपला आणि पैसे भरले. मोबाईल खाली ठेवायच्या आत पंखा फिरू लागला. मला आनंद व्हायला हवा होता. उलट मी घाबरले. कुठल्या तरी लांबच्या शहरातून कोणीतरी माझ्या आईच्या पाठीखाली हात घातला होता. मनात आलं की ठेवलेला हात काढूनही घेता येतो.

तो काढून घेतलाच त्यांनी, आणि तोही त्याच दिवशी. आलापल्ली सोडली की जंगल लागतं आणि रेंज जाते. आम्हाला त्याचं काही नवल नाही. इकडे कोणाचा फोन लागला नाही तर लोक म्हणतात, जंगलात असन, आणि आपल्या कामाला लागतात. गाडीला मात्र ते चाललं नाही. पैसे भरल्याची पडताळणी होत नाही, असं पडद्यावर दाखवून तिने पंखा बंद केला. आष्टीच्या नदीपर्यंत तो बंदच राहिला. बाहेरच्या माणसाला वाटतं जंगल म्हणजे सावली. मे महिन्यात सागाला पान नसतं. दोन्ही बाजूंना नुसते खराटे उभे असतात आणि खालची जमीन भाजत असते. अम्मी खिडकीवरची मूठ धरून, पाठ न टेकता, पुढे झुकून बसली होती.

दुसऱ्या दिवशी मी कंपनीच्या मदतीच्या नंबरवर फोन केला. पलीकडची मुलगी फार गोड बोलत होती. गाडी नेटवर्कमध्ये ठेवा, म्हणाली. मी म्हटलं, बाई, आम्ही जंगलात राहतो. तर म्हणते, "नाही मॅडम, तुमची गाडी आत्ता अहेरीत मशिदीच्या मागच्या गल्लीत उभी आहे. तिथे नेटवर्क छान आहे."

मी तिला गाव सांगितलं नव्हतं. गल्ली तर नव्हतीच नव्हती. खिडकीतून बाहेर पाहिलं. गाडी कडुलिंबाखाली उभी होती, बॉनेटवर बकरी चढलेली. मी विचारलं, दुसरा काही उपाय? ती म्हणाली, विनंती मालकाने करायला हवी, आणि त्यांच्या दप्तरी मालक अजून साहेबच होते. साहेबांचा फोन लागत नव्हता. पैसे कोणाचेही चालतात, मालक मात्र आपण नाही. मी फोन ठेवला आणि बाहेर जाऊन बकरी हाकलली.

आमच्याकडे कुठलीही वस्तू हट्टाला पेटली की ती डायरेक्ट करतात. मोटरसायकलचा हॉर्न डायरेक्ट, शेतातला पंप डायरेक्ट, मंगल कार्यालयातली अर्धी रोषणाई डायरेक्ट. मधलं बटण, मधला डबा, मधली सगळी भानगड टाळून तार सरळ बॅटरीला. अब्बांनी सीट उचकटली, पंख्याची तार कापली आणि वेगळ्या बटणातून बॅटरीला जोडली. उसवलेली शिवण इतकी साफ परत घातली की मलाही जागा सापडेना. "घे," ते अम्मीला म्हणाले, "आता कोणाच्या बापाले विचारायचं काम नाई." त्या फेरीत जंगलातही पंखा फिरत राहिला. अम्मी झोपली. अब्बा सगळा रस्ता गुणगुणत होते, आणि मी त्यांना गुणगुणू दिलं.

आष्टीला रेंज आली. तिने बंद केलेला पंखा जंगलात फिरतच राहिला, हे गाडीने टिपून ठेवलं असणार. पडदा आपोआप उजळला. गाडीत परवानगी नसलेला बदल आढळला आहे, तपासणीसाठी नागपूरला आणावी, तोपर्यंत हवेच्या सगळ्या सोयी थांबवल्या आहेत. एसी बंद पडला. अब्बांनी डायरेक्ट केलेला पंखा तेवढा इमानदारीने फिरत होता आणि गाडीतली तापलेली हवा ओढून अम्मीच्या पाठीत सोडत होता. ती झोपेतच ओरडली. अब्बांनी घाईघाईने बटण बंद केलं. चंद्रपूर येईपर्यंत मी तिच्या पाठीवर ओला टॉवेल धरून बसले.

कंपनीच्या नागपूरच्या वर्कशॉपला फोन केला तर तिथेही साहेबांचीच सही हवी होती. भीक नको पण कुत्रा आवर, अशी गत झाली. अब्बांनी तार पूर्ववत केली, तरी गाडीने माफ केलं नाही. मग त्यांनीच एक युक्ती शोधली. बॅटरीची तार थोडा वेळ काढून ठेवली की गाडी सगळं विसरते, आणि पुढची रेंज येईपर्यंत तिला काही आठवत नाही. डायरेक्टची जोडणी त्यांनी परत केली. आलापल्ली ओलांडली की आम्ही एका मोहाच्या झाडाखाली थांबायचो, अब्बा बॉनेट उघडून तार काढायचे, पाणी प्यायचे, तार लावायचे. तिथून आष्टीपर्यंत एसीही चालायचा आणि पंखाही. परतीच्या वाटेवरही जंगल सुरू झालं की तसंच. जन्मभर आम्ही रेंजसाठी गच्चीवर चढलो, पाण्याच्या टाकीवर चढलो. आता गाडीत बसलो की मी मोबाईलवरच्या रेंजच्या काड्यांकडे चोरासारखी बघायचे, आणि त्या गेल्या की सुटल्यासारखं वाटायचं.

"जंगलात गाडी आपली हाये," अम्मी म्हणाली, "गावात त्यायची." ती हसली. पुष्कळ दिवसांनी हसली होती. जंगलातल्या तेवढ्या गार तुकड्यासाठी ती उरलेला रस्ता सोसायला तयार होती. माझा सगळा हिशोब आता त्या तुकड्यावर उभा होता, आणि हे मला झोपू देत नव्हतं.

त्या मोहापाशी जवळच्या गावातला एक म्हातारा तेंदूपत्त्याचे पुडे वाळत घालायचा. गोंड माणूस, बोलायला मोजका. आम्ही थांबलो की अम्मीसाठी मडक्यातलं पाणी आणून द्यायचा. गाडीला काय झालंय, हे त्याने कधी विचारलं नाही. एकदा मात्र तो स्वतःहून बोलला. त्याने रस्त्याच्या पुढच्या वळणाकडे हात केला. झाडांच्या वर लोखंडाचा सांगाडा दिसत होता.

"टावर येऊन राह्यला," तो म्हणाला. "सुनेच्या बाळंतपणाच्या वक्ताले गाडी बलवाले पोराले आलापल्लीले पळा लागलं होतं. लेकरू नाई वाचलं. आता फोन लागन."

मी म्हटलं, चांगलं झालं भाऊ. खोटं नाही म्हटलं. त्याच्या घरासाठी ते चांगलंच होतं, आणि ते बोलताना मी मोबाईलवरच्या काड्या बघत होते, हेही खरं. अब्बा तार लावायची विसरून सांगाड्याकडे बघत उभे होते. त्यानंतरच्या प्रत्येक फेरीला तो सांगाडा वर चढत गेला. त्याच्यावर लाल-पांढरा रंग बसला, पेट्या बसल्या, खाली कुंपण झालं.

ज्या दिवशी तो सुरू झाला, त्या दिवशी कुंपणाला आंब्याच्या पानांचं तोरण होतं. सकाळीच ऊन चढलं होतं. मोहाखाली थांबून, तार काढून लावून आम्ही निघालो होतो. अम्मीने नुकती पाठ टेकली होती. वळण आलं आणि माझ्या हातातला मोबाईल एकदम वाजायला लागला, साठून राहिलेले सगळे मेसेज एकामागून एक. पडदा उजळला. तीच अक्षरं आली. एसीचा आवाज खाली खाली जात थांबला. अब्बांनी पंखाही बंद केला, काचा खाली केल्या, आणि बाहेरची झळ आत आली.

थोडं पुढे गेल्यावरही मोबाईलवरच्या काड्या भरलेल्याच होत्या. अम्मी म्हणाली, "थांबवा."

अब्बांनी गाडी कडेला घेतली. त्यांना वाटलं उलटी येतेय. मी डबा पुढे केला. तिने तो बाजूला सारला.

"फिरवा गाडी."

"अवो, आजच्या दिवस चाल," अब्बा म्हणाले. "मी हात जोडतो. उद्या हे विकतो, दुसरी आणतो."

"दुसरीतबी तेच असन."

मी तिला डॉक्टरांचं बोलणं आठवून दिलं, रागावले, शेवटी रडले. तिने माझ्या गालावरून हात फिरवला आणि समोर रस्त्याकडे बघत राहिली. तिची पाठ सीटपासून वीतभर सुटी होती. अब्बांनी स्टिअरिंग फिरवलं. तिने पुन्हा चंद्रपूर पाहिलं नाही. पोळ्याच्या आधीच ती गेली.

त्या दिवशी गाडी वळली तशी पडद्यातली रस्ता सांगणारी बाई बोलली. जंगलात ती नेहमी मुकी असायची, आता तिलाही रेंज आली होती. तुम्ही रस्ता बदलला आहे, ती गोड आवाजात म्हणाली, घरी जायचं आहे का?

"हव बाई," अम्मीने तिला सांगितलं, "घरीच."

मग अहेरी येईपर्यंत ती बाई वळणं सांगत राहिली, आणि अब्बा रडत रडत तिचं ऐकत गाडी चालवत राहिले.