मोठेबाबांच्या घटनेतली दुरुस्ती

माझ्या मोठेबाबांइतका कायद्याने चालणारा हुकूमशहा रिसोडच्या पंचक्रोशीत दुसरा झाला नाही. वडिलांचे हे थोरले भाऊ. नागपूरच्या कायदेमंडळात निवडून आलेल्यांना काही खाती सोपवली आणि बाकीची गव्हर्नराने स्वतःकडे राखून ठेवली, हे त्यांनी वर्तमानपत्रात वाचलं आणि आठवड्याच्या आत आमच्या घरालाही घटना दिली. चूल, दळण आणि गोठ्यातलं शेण ही सोपीव खाती मोठीमायकडे, म्हणजे त्यांच्या पत्नीकडे. जमीन, तिजोरी आणि लग्नं राखीव, स्वतःकडे. सोपीव खात्यातही भाजीत मीठ वाढवायचं तर लेखी सूचना लागे. मोठीमायला लिहिता येत नसल्यामुळे तिची सूचना तेच लिहून घेत आणि तेच फेटाळत.

राखीव खात्यांतला ठरावही मतांनी पास व्हावा लागे. मतं दोनच, त्यांचं आणि माझ्या वडिलांचं. वडील शांतपणे विरुद्ध मत देत आणि ठराव अडकून पडे. कापूस कारंज्याला न्यावा की वाशीमला, या वादात दोन बाजार हुकले, तेव्हा मोठेबाबांनी नियमच दुरुस्त केला. दुरुस्तीचा अधिकार अर्थातच त्यांच्या एकट्याकडे राखीव होता. "बायकाईले हक्क द्याले पायजे," असं म्हणून त्यांनी मोठीमायला मत दिलं, आणि पुढे दहा वर्षं तिचा कणकेने भरलेला हात त्यांच्या हातामागोमाग वर होत राहिला.

माझी चौथी झाली. मला पुढच्या शाळेसाठी अकोल्याला ठेवावं, असा ठराव वडिलांनी मांडला. मोठेबाबांनी तर माझ्यासाठी मालेगावचं स्थळ बघून ठेवलं होतं. "इरुद्ध कोन?" म्हणत त्यांनी हात वर केला. मोठीमायचा हात मांडीवरच राहिला. "बाजूनं कोन?" म्हटल्यावर वडिलांच्या हाताबरोबर तोही वर आला.

"काहून वं?"

"तुमीच तं देल्लं मत."

त्यांनी घटनेची वही ओढली आणि तिचं मत रद्द करायला टाक शाईत बुडवला.

"खोडा," मोठीमाय म्हणाली. "पन मंग दहा वर्साचे सारेच ठराव खोडा. माह्याच मतानं पास झाले ते. वरचं वावर घेतलं, थेबी."

त्यांनी टाकावरची शाई दौतीत झटकली. मग वही मिटली.

वाशीमच्या स्टेशनापर्यंत बैलांची दमणी त्यांनीच हाकली. "माहं मत अजूनबी इरुद्धच हाय," एवढं फलाटावर म्हणाले, आणि माझी पेटी डब्यातल्या बाकाखाली नीट सरकवून दिली.

पुढे मी पुष्कळ सरकारांबद्दल वाचलं, मुलींना शिकवलंही. हरल्यावर पहाटे उठून स्वतः बैल जुंपणारं सरकार मात्र तेवढं एकच पाहिलं. त्यांना जाऊन आता सव्वा महिना झाला. घरात सगळं एकमताने होतं, आणि जेवायला बसलं की कुणाला काही बोलायला सुचत नाही.