कळा आणण्याआधी पोटावर हात

सुईणपण शिकलेल्या माझ्या मैत्रिणींनो, आज लोणखेड्यात जे घडलं ते आजच लिहून पाठवते.

गंगूचं हे तिसरं बाळंतपण. दिवस उलटून गेले तरी कळा नव्हत्या. मी पोहोचले तेव्हा सासू एरंडेलाची वाटी घेऊन उभी. "दिन भरी ग्यात, बाई. आते पाजूत, कळा येतीन."

मी आधी पोट तपासलं. बाळ आडवं होतं.

"मावशी, आत्ता कळा आणल्या तर गर्भाची पिशवी फाटेल. दोघंही हातची जातील."

सासू ऐकेना. शेवटी गंगूनेच वाटी बाजूला सारली. "मी नही पित. माले शहादाले लई चला."

बैलगाडीतून तिला शहाद्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पोटावरून दाबत बाळ हळूहळू सरळ केलं आणि मग त्यांनीच एरंडेल दिलं. मी बाळाचे ठोके ऐकत शेजारी बसून राहिले. दिवेलागणीला मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत.

तेच एरंडेल सकाळी पोटात गेलं असतं तर दोघीही हातच्या गेल्या असत्या. यापुढे बाळ कसं आहे हे पाहिल्याशिवाय माझ्यासमोर कुणालाही कळांचं औषध पाजू देणार नाही, मग सासू रागावो की गावचा पाटील. तुम्हीही असंच अडून बसाल ना?