झगा, मिशी आणि घसरगुंडी

मुक्या सिनेमाचा जमाना. एका पत्र्याच्या शेडमध्ये विनोदी चित्रपट काढणारी कंपनी होती, आणि तिथल्या कपडे धुणाऱ्या बाईला सगळे घसरगुंडी म्हणत. त्याचं काय झालं, एकदा ती साबणाच्या पाण्यावरून सटकली ती थेट दोन खुर्च्या, एक शिडी आणि कंपनीचे मालक यांना सोबत घेऊनच थांबली. दिग्दर्शक साहेब टाळ्या पिटत धावत आले. "पुन्हा पड!" म्हणाले.

तर तिला काम मिळालं. पण कसलं? साहेबांचं म्हणणं असं, की बाई पडली की लोकांना वाईट वाटतं, आणि वाईट वाटलं की हसू पळालं. म्हणून सिनेमातल्या सगळ्या बायकांची कामं एक मिशीवाला नट करायचा. झगा घालायचा, पण मिशी तशीच. मिशी दिसली म्हणजे हसायला हरकत नाही म्हणे! आता हा गडी असा, की स्टुलावर चढला तरी त्याला चक्कर यायची. मग पडायची वेळ आली की त्याचा झगा घसरगुंडीच्या अंगावर, आणि ओठावर डिंकाने चिकटवलेली मिशी. म्हणजे बाई झालेल्या बाप्याचं सोंग घेणारी बाई. डोकं गरगरलं ना? तिचंही गरगरायचं, पण ते पडून पडून.

रंगाचंही तेच. दारावरचा पहारेकरी काळा, चांगला देखणा माणूस. काळ्या नोकराचं काम मागायला गेला, तर साहेब म्हणाले, "तू खरा वाटत नाहीस." आणि एका गोऱ्यापान नटाच्या तोंडाला काजळी फासली. धन्य ती माणसं!

घसरगुंडीला एकाच गोष्टीची रुखरुख होती. आईचा तिच्यावर विश्वासच बसत नव्हता. "सिनेमात असतेस तर दिसत का नाहीस गं? धुणं धुतेस, ते सांगायची लाज वाटते होय?" आईला एकदा, फक्त एकदा, आपलं तोंड पडद्यावर दिसावं, एवढंच तिला हवं होतं.

आणि एके दिवशी छपरावरून हौदात पडताना तिची मिशी उडाली. छप्परही कोसळलं. ते पुन्हा बांधायला मालक तयार नव्हते, म्हणून फिल्मचा तो तुकडा सिनेमात तसाच ठेवला. घसरगुंडी आईला हाताला धरून थेटरात घेऊन गेली.

पडद्यावर ती कोसळली, पाण्यातून तिने तोंड वर काढलं. तिचंच तोंड, भलंमोठं! थेटरात हशा उसळला. "हुबेहूब बाई वाटतो बुवा!" मागून कुणीतरी म्हणालं.

आई ताडकन उठली. "हसताय काय मेल्यांनो? लेक आहे माझी! लागलं असेल तिला!" आणि भर थेटरात हमसून रडायला लागली. लोकांना वाटलं, कंपनीनेच पाठवलीय. ते आणखी पोट धरून हसले. घसरगुंडीला मात्र भरून आलं. आईने ओळखलं होतं.

ही गोष्ट साहेबांच्या कानावर गेली. पुढच्या सिनेमात थेटरात रडणारी आई हवीच, असं ठरलं. आई नटूनथटून कंपनीत हजर. साहेबांनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, मान हलवली आणि मिशीवाल्याला हाक मारली. तो झगा सावरत आला, रुमाल डोळ्यांना लावून उभा राहिला.

आई बघतच राहिली. "ही मी होय गं?"

"हो," लेक म्हणाली. "मीपण हीच."