आईचा व्यायाम आणि रोवण्याची रांग

बाळंतपणासाठी मी दिघोरीला माहेरी आले, तेव्हा बैलबंडीतून मला उतरवून घेताना आई किंचाळलीच. आनंदानं नव्हे. माझी साडी घोट्यावरून जरा वर करून तिनं पायात अंगठा रुतवला. खड्डा पडला, आणि तो भरून यायचं नाव घेईना.

"अवो, हे काय करून ठेवलं तुह्यं? पोटुशी हायेस का बिमार हायेस?"

सगळी आळी दारात उभी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सातवा महिना सरत आला होता आणि सूज काही माझ्या हौसेची नव्हती. माझं सासर भंडाऱ्याचं, हातमागाच्या साड्यांचा धंदा करणारं. सासूबाईंच्या लेखी दिवस गेलेली सून म्हणजे काचेचं सामान. वाकायचं नाही, जिना चढायचा नाही, विहिरीकडे फिरकायचं नाही. चरख्यावर कांड्या तर मुळीच भरायच्या नाहीत, कारण बाईनं सूत गुंडाळलं की पोटात नाळ बाळाच्या गळ्याला गुंडाळते, असं त्या घरात सगळ्यांचं ठाम मत. मी आपली पलंगावर बसून खात होते आणि फुगत होते. शेजारणी म्हणायच्या, नशीब काढलंस. मला त्या नशिबाचा वीट आला होता, पण ऐकतो कोण?

आईनं दुसऱ्या दिवशी सकाळीच मला उठवलं. "लेकरू तुले पैदा करा लागते, पलंगाले नाही," म्हणाली आणि ओसरीत चटई अंथरली.

मी शेतकऱ्याच्या घरची. बायका पोटात मूल घेऊन कामं करतात हे मी लहानपणापासून पाहिलेलं. पण आईनं मला कामाला लावलं नाही, शिकवायला घेतलं. भिंतीला पाठ टेकवून उभी राहा, हळूहळू खाली सरक, हळूहळू वर ये. शेणानं सारवतो तसं हातागुडघ्यांवर हो, पाठ मांजरीवाणी वर कर, मग सपाट कर. चटईवर तळपाय एकमेकांना जोडून बस. लघवी रोखून धरतो तसं आतून आवळ, मग सोड. आणि या सगळ्यावर तिचे नियम. "वर उठतानी दम सोड, दम धरून ठेवू नोको. उताणी झोपू नोको, डाव्या कुशीवर झोप. उठाचं असन तं आधी कुशीवर हो, मंग हात टेकून उठ. पोट दगडावाणी झालं तं हातातलं टाकून बस." सगळ्यात मजेशीर नियम बोलण्याचा. व्यायाम करता करता बोलत राहायचं. बोलता आलं नाही तर थांबायचं. मी आयुष्यात कधी गप्प बसले नव्हते, त्यामुळे हा मला फार मानवला.

पुढे कितीतरी वर्षांनी, त्या वेळी पोटात होती तीच माझी लेक स्वतः गरोदर असताना चटईवर पिलाटेस की काय ते करायची. शिकवणारी बाई तिला सांगत होती, श्वास रोखू नका, पाठीवर झोपू नका, बोलताना धाप लागली तर थांबा. मी खोलीच्या दारात उभी राहून ऐकत होते. हे सगळं मी ऐकलेलं होतं, आईच्या तोंडून, दिघोरीच्या ओसरीत. लेकीला वाटलं, आई कौतुकानं बघते आहे. मला मात्र वहिनी दिसत होती.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. तिचंही पोट माझ्या पोटाच्या मागेपुढेच होतं. पहिली मुलगी तिच्या आईकडे झाली होती, रीतीप्रमाणे. दुसरं बाळंतपण सासरीच करायचं, तेही रीतीप्रमाणेच. दिवस धानाच्या रोवण्याचे होते. वडील गेल्यापासून शेती आईच्या हातात, आणि आईची शेती म्हणजे घड्याळ. आमच्याकडे बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, पऱ्ह्यांची कोवळी रोपं रोवायला मजुरणी रांगेनं वाकतात आणि रोवत रोवत मागे सरकतात. रांगेच्या टोकाला मालकाच्या घरची सून उभी करायची. तिचा हात जसा चालेल तशी रांग चालते. ती थांबली की सगळ्या कंबर सरळ करणार, पान-सुपारी काढणार, आणि बांधी तशीच राहणार. वहिनीचा हात फार चपळ, आवाजही गोड. ती गाणं उचलायची आणि मागून रांग.

मी ओसरीत आईसमोर भिंतीला पाठ लावून खाली-वर सरकायची तेव्हा वहिनी डोक्यावर शिदोरी घेऊन आंगणातून बाहेर पडायची. मला बघून हसायची. "बाई, तुमची कसरत झाली का?" मीही हसायची. आईचं म्हणणं असं की ती रोवते तोच तिचा व्यायाम. मलाही ते पटलं होतं. माझी सूज उतरली, मी हलकी झाले, झोप लागू लागली. आईच्या हातात जादू आहे असं मी भंडाऱ्याला निरोप धाडून कळवलं.

एका दुपारी मी धुऱ्याधुऱ्यानं, बांधावरून, शेतावर गेले. चालणं हाही व्यायामातलाच भाग होता. लांबून रांग दिसत होती, पण गाणं ऐकू येत नव्हतं. जवळ गेले तर वहिनी टोकाला होती, ओठ मिटलेले, चेहरा राखेसारखा. मध्येच ती उभी राहिली, पोटावर हात ठेवला, आणि पुन्हा वाकली.

"वयनी, काय होते?"

"काई नाही बाई. पोट कडक होते, मंग सुटते. सकाळपासून."

मी धुऱ्यावरच खिळले. पोट दगडासारखं झालं तर हातातलं टाकून बसायचं, हे तिला ठाऊकच नव्हतं. एकाच घरात, एकाच चुलीवरचं खाणाऱ्या दोघी, आणि मला जे रोज सकाळी पाठ करून घेतलं जात होतं ते तिच्या कानावरही घातलेलं नव्हतं.

"बस खाली. आत्ता बस, वयनी!"

"मी बसली तं रांग बसते," ती म्हणाली आणि पेंडीतून पऱ्हे ओढले.

आई बांधीच्या दुसऱ्या कडेला पऱ्ह्यांच्या पेंड्या फेकत होती. मी जमेल तेवढ्या लवकर तिच्याकडे गेले. तिनं आधी मलाच दटावलं, उन्हात कायले आलीस, पाय घसरला म्हणजे? मी वहिनीचं सांगितलं. आईनं तिकडे पाहिलं. तिनं पाहिलं हे मी पाहिलं, म्हणून आजही शपथेवर सांगते. मग म्हणाली, "एवढी बांधी होऊ दे. तिले सवय हाय."

मला वाटलं, माझ्या ऐकण्यातच काहीतरी चूक झाली. माझा पाय घसरेल म्हणून जिचा जीव वरखाली होत होता, तीच बाई हे बोलत होती. मी वळले तर वहिनी चिखलात बसलेली होती. पाणी तिच्याभोवती लाल होत होतं. रांग थांबली होती.

मजुरणींनी तिला खाटेवर घालून घरी आणलं. भाऊ दुसऱ्या बांधीत चिखल करत होता, तो नांगर तसाच टाकून धावत आला आणि दवाखान्यात न्यायला बंडी जुंपू लागला. बंडी आंगणाबाहेर पडायच्या आतच झालं. मुलगा होता. तो रडला नाही. धावत आलेल्या सुईणीनं त्याला उलटा धरला, पाठ चोळली, तोंडात फुंकर घातली. तो रडला नाही. माझ्या पोटात माझी लेक पाय मारत होती आणि मला माझ्याच पोटाची लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं ओसरीत चटई अंथरली. आत वहिनी खाटेवर पडलेली, दार उघडं. आई मला म्हणाली, "चाल, भिंतीले पाठ लाव."

मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. ती थट्टा करत नव्हती. तिचे डोळे सुजलेले होते, रात्रभर तीही रडली होती, पण चटई तिनं अंथरली होती.

"तुले सगळं माहीत होतं," मी म्हणाले. "दम कधी सोडाचा, कोणत्या कुशीवर झोपाचं, पोट कडक झालं तं बसाचं. मले सांगतलं. तिले काहून नाही सांगतलं?"

मला वाटलं होतं, ती रडेल. किंवा मला झापेल. आई साधेपणानं बोलली, भाजीत मीठ किती हे सांगावं तशी.

"तू लोकाच्या घरची अमानत हायेस, पोरी. तुले काई झालं असतं तं तुह्या सासूनं मले जगू देलं असतं का? पहिलं बाळंतपण, मायच्या दारात. सारा दोष मायवर. मले रात्री झोप नाही येत."

"अन् वयनी?"

"ते आपल्या घरची हाय. तिचं कोन विचारते?"

मी हादरले. मी महिनाभर जिला माया समजत होते ती भीती होती. माया नव्हती असं मी म्हणणार नाही, आईवर एवढा अन्याय मी करणार नाही. पण भंडाऱ्याच्या सासूनं मला पलंगावर जखडून ठेवलं आणि दिघोरीच्या आईनं चटईवर उभं केलं, ते एकाच कारणासाठी, हे मला तोवर कळलंच नव्हतं. दोघींनाही उद्या कुणीतरी जाब विचारणार होतं. वहिनीच्या वाटेला जाब विचारणारंच कुणी नव्हतं.

मला वाटलं, तिची आई विचारेल. निरोप गेला तशी दोन-तीन दिवसांत ती शेजारच्या गावाहून आली. मी अक्षरशः तिची वाट बघत होते. ती येईल, आंगणात उभी राहील, माझ्या आईला म्हणेल की माझ्या पोरीला या दिवसांत टोकाला कुणी उभं केलं. माझ्या स्वतःच्या आईला कुणीतरी फैलावर घ्यावं, अशी मी देवापाशी इच्छा करत होते.

ती आली, पाय धुतले, लेकीच्या खाटेवर बसून पदर डोळ्यांना लावला. मग माझ्या आईनं चहा दिला. कप हातात घेऊन ती म्हणाली, "रोवना झाला का, विहीनबाई?"

"राह्यला थोडा," आई म्हणाली.

"माय," वहिनी खाटेवरून म्हणाली, "मले घरी घेऊन चाल."

तिची आई कपातल्या चहाकडे बघत बोलली. "रोवना होऊ दे बाई. मंग येतो नेयाले."

मी ओरडले. काय काय बोलले ते आठवत नाही, विहीणबाईंसमोर आईला बोलले, भावाला बोलले, बाहेर जाऊन मजुरणींनाही बोलले. पोटुशी बाई आहे, डोकं फिरलं असेल, म्हणून सगळ्यांनी ऐकून घेतलं आणि मला पाणी दिलं.

थोड्याच दिवसांनी सकाळी वहिनी उठली, लुगड्याचा काचा मारला आणि शिदोरी डोक्यावर घेतली. मी दारात आडवी उभी राहिले. जाऊ देणार नाही म्हणाले. दवाखान्यात तरी दाखव, आठ दिवस तरी झोप, अंगातलं रक्त गेलंय तुझ्या.

तिनं माझ्या पोटावर हात ठेवला आणि मला हलकेच बाजूला केलं.

"सरका बाई, धक्का लागन तुमाले," ती म्हणाली. "मले आता कायचा धोका? मी तं रिकामी हाय."