हवेत राहिलेला हात

आबांचा उजवा हात वर होता. बोटं थोडी पसरलेली, आशीर्वाद देताना असतात तशी. पुढ्यात नारळ, अगरबत्त्या, आणि माझ्या बापाच्या टकलावर, भुवयांत, अगदी पापण्यांवरसुद्धा भंडारा. पापणी लवत नव्हती, म्हणून तो तिथंच बसून होता.

मी शिरूरहून जीपनं तळेगावला आले होते. दादानं, माझ्या थोरल्या भावानं, फोनवर एवढंच सांगितलं होतं, "आबांच्या अंगात बिरोबा आलाय, पन ह्या खेपेला जाईना." आमचं घर मूळचं मेंढरांमागं फिरणारं. आबा दर जत्रेला घुमायचे, घामाघूम होऊन खाली बसायचे आणि पुन्हा साधे आबा होऊन चहा मागायचे. यंदा जत्रेनंतर ते बोलायचे थांबले, मग जेवायचे, मग हलायचेच. आणि गावानं त्यांच्या पायांवर डोकी ठेवायला सुरुवात केली.

मी त्यांचा हात धरून खाली घेतला. मेणासारखा आला. सोडला तर मांडीच्या वीतभर वर, तसाच हवेत राहिला. अगं बाई गं!

"आबा, मी आलेय," मी म्हटलं.

त्यांचे ओठ हलले. "आबा, मी आलेय." माझ्याच सुरात.

दारातल्या बायकांनी हात जोडले. "बघा, देव बोलला!"

"देव कसला डोंबलाचा! बाप हाय माझा," मी ओरडले. "पाणी कधी प्यायलेत?"

वैनी रडायला लागली. ओठांना चमचा लावला की दात घट्ट मिटायचे, पाणी हनुवटीवरून गळून जायचं. ओठांना भेगा पडल्या होत्या, लघवी जवळजवळ बंद. दादा हळूच म्हणाला, "देव बसलाय त्यांच्यात. उठवलं आन् कोपला म्हंजी?"

"न्हाई उठवलं तर मरतील. मग बस देवाला विचारत."

भांडून गाडी बोलावली. आबांना बसल्या आकारातच उचलून शिरूरच्या दवाखान्यात नेलं. वाटेत खड्ड्यांनी आम्ही सगळे उसळलो, आबांचा हात तेवढा हलला नाही. दादा त्या हाताकडं बघायचंच टाळत होता.

डॉक्टरीणबाईंनी रक्त, साखर, डोक्याचा स्कॅन, सगळं बघितलं, सलाइन लावलं. मग त्यांनीही तो हात उचलून सोडून पाहिला. "याला कॅटाटोनिया म्हणतात. लोराझेपामचं इंजेक्शन थोडं देऊन बघू. झोपेच्या औषधांतलंच आहे."

दादा भडकला. "मानूस आधीच दगड झालाय, आन् त्याला झोपंचं औषध?"

"ते झोपलेले नाहीत. आत जागे आहेत, अडकलेत; या औषधानं बऱ्याचदा सुटतात. पण वय आहे, या औषधानं श्वास मंदावू शकतो. म्हणून बेतानं द्यायचं आणि शेजारी बसून राहायचं."

सुई गेली. आबांची छाती वरखाली होतेय का, तेवढंच मी बघत होते. मध्येच वाटलं, थांबली. मेले, मीच मारलं ह्यांना, असं मनात आलं, आणि तेवढ्यात तो हात खाली यायला लागला. हळूहळू येऊन चादरीवर टेकला. पापण्या मिटल्या, उघडल्या. आबांनी माझ्याकडं पाहिलं.

"पानी दे," ते म्हणाले. "कवाधरनं मागतोय. समदी पाया पडत्यात, पानी कुनी देईना."

दादानं भिंतीकडं तोंड फिरवलं आणि हमसून हमसून रडला.

संध्याकाळी ते पुन्हा ताठले. मी धावत जाऊन डॉक्टरीणबाईंना बोलावलं. औषध ओसरलं की असं होतं, बाई म्हणाल्या. पुन्हा डोस दिला, मग रोज, श्वासावर लक्ष ठेवून. हळूहळू आबा सुटे झाले. पाया पडायला आलेल्या एकेकाचं गाऱ्हाणं त्यांना पाठ होतं. कुणाची सून नांदत नव्हती, कुणाची म्हैस आटली होती.

आता आबा माझ्याकडंच असतात. सकाळी ओट्यावर बसले की इकडंतिकडं बघतात, आणि कुणाचं लक्ष नाही असं वाटलं की उजवा हात वर करतात. मी कणकेच्या हातांनी दारातच थांबते. हात वर राहतो. जरा जास्तच राहतो. मग धपकन मांडीवर पडतो.

"माझाच हाय अजून," आबा स्वतःशीच म्हणतात, आणि मला पाणी मागतात.